जुनीं ब्रिटिश रुपेरी नाणीं : त्यांची पारख आणि खरेदी

नाण्याचा एक स्वभाव मोठा विचित्र आहे. तें बाजारांत चालत असतें तोंपर्यंत त्याच्याकडे कोणी निरखून पाहत नाहीं. आणि चालेनासें झालें म्हणजे मात्र माणसें भिंग घेऊन त्याच्यावर वांकतात. शिलिंग, फ्लोरिन आणि हाफ-क्राउन हीं नाणीं ज्या इंग्रज गृहस्थांच्या खिशांत रोज खुळखुळत होतीं, त्यांपैकीं फारच थोड्यांना त्यांवरील अक्षरें न पाहतां सांगतां आलीं असतीं. आज तींच नाणीं जगभरचे संग्राहक बिलोरी झांकणाच्या पेट्यांतून जपून ठेवतात, आणि एखाद्या सालच्या एका नाण्यासाठीं वर्षानुवर्षें शोध करीत राहतात.

पूर्वीं असा संग्रह करावयाचा तर लंडनच्या दुकानाची पायरी चढावी लागे, नाहींतर व्यापाऱ्याची छापील यादी टपालानें मागवून दोन-दोन महिने वाट पाहावी लागे. आतां घरच्या मेजाशीं बसून इंटरनेटवर हजारों नाणीं पाहतां येतात आणि बोटाच्या एका स्पर्शानें विकत घेतां येतात. सोय मोठी खरी. परंतु या सोयीच्या मोबदल्यांत एक गोष्ट हातची गेली आहे. पूर्वींचा गिऱ्हाईक नाणें तळहातावर घेऊन त्याचें वजन जोखीत असे, फरशीवर टाकून त्याचा नाद ऐकत असे, त्याच्या कडेवरून नख फिरवून पाहत असे. आजच्या गिऱ्हाइकाच्या वांट्यास फक्त चित्र येतें. चित्राला वजन नसतें, नाद नसतो आणि बहुधा कडहि नसते. म्हणून जें पूर्वीं हातानें कळत असे, तें आतां ज्ञानानें कळून घ्यावें लागतें. तें ज्ञान मिळविण्याचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे त्या नाण्यांची हकीकत.

प्रथम हिशेब. आपल्याकडे जसा रुपया, आणा आणि पै यांचा कोष्टकाचा हिशेब १९५७ पर्यंत चालला, तसा इंग्लंडांत पौंड, शिलिंग आणि पेन्स यांचा हिशेब १५ फेब्रुवारी १९७१ पर्यंत चालला. बारा पेन्सांचा एक शिलिंग आणि वीस शिलिंगांचा एक पौंड. रुप्याचीं मुख्य नाणीं म्हणजे तीन पेन्स, सहा पेन्स, बारा पेन्सांचा शिलिंग, दोन शिलिंगांचा फ्लोरिन, अडीच शिलिंगांचा हाफ-क्राउन आणि पांच शिलिंगांचा क्राउन. १८१६ नंतर या सर्वांचें वजन एकाच प्रमाणांत बांधलेलें होतें. शिलिंगाचें वजन ५.६६ ग्रॅम, म्हणून सहा पेन्सांचें त्याच्या निम्में म्हणजे २.८३ ग्रॅम, फ्लोरिनचें ११.३१ ग्रॅम, हाफ-क्राउनचें १४.१४ ग्रॅम आणि क्राउनचें २८.२८ ग्रॅम. आपला राणीछाप रुपया बरोबर एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमांचा असे. त्यावरून फ्लोरिन हातांत केवढा लागेल याची कल्पना आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांना सहज येईल. हे आंकडे ज्याने एकदां पाठ केले, त्यानें पुढील फसवणुकींपैकीं निम्मी तरी टाळली असें समजावें.

आतां कस. ज्याला स्टर्लिंग म्हणतात तें रुपें म्हणजे हजार भागांत ९२५ भाग शुद्ध रुपें आणि बाकीचे ७५ भाग बहुधा तांबें. शुद्ध रुपें मऊ असतें, तें व्यवहारांत लवकर झिजतें; म्हणून एवढें हीण त्यांत घालावेंच लागतें. हा कस इंग्लंडनें कित्येक शतकें नांवाजण्याजोगा राखला, पण तो अखंड राखला असें मात्र नाहीं. आठव्या हेन्रीला युद्धासाठीं पैसा हवा होता, तेव्हां १५४४ पासून त्यानें नाण्यांतील रुपें झपाट्यानें कमी केलें. त्याच्या मुलाच्या, सहाव्या एडवर्डच्या, कारकीर्दींत १५५१ सालीं कांहीं नाण्यांत रुप्याचा चौथाच हिस्सा उरला होता. हेन्रीच्या हिणकस नाण्यांवर त्याचें तोंड समोरून काढलेलें असे. नाक सर्वांत उंच, म्हणून तेथला पांढरा थर प्रथम झिजे आणि आंतलें तांबें डोकावूं लागे. प्रजेनें राजाला 'जुना तांबडनाक्या' असें नांव ठेवलें. राजाचें नाक तांबडें झालें कीं राज्याची पत गेली, हें सामान्य माणसालाहि कळत होतें. पुढें एलिझाबेथ राणीनें १५६० आणि १५६१ या दोन वर्षांत तीं हिणकस नाणीं परत घेऊन चांगल्या कसाचीं पाडलीं.

कस सुधारला तरी दुसरा रोग राहिलाच होता. तोंपर्यंतचीं बहुतेक नाणीं हातोड्यानें पाडलेलीं असत. खालच्या ठशावर रुप्याची चकती ठेवावयाची, वर दुसरा ठसा धरावयाचा आणि हातोडा मारावयाचा. अशा नाण्याचा कांठ वेडावांकडा येई. मग कातरीनें त्या कांठाची एक बारीक चिंधी कापून घेतली तर कोणाच्या लक्षांत येणार? लबाडांनीं हा धंदाच मांडला. १६६२ पासून दुसऱ्या चार्ल्सच्या काळांत नाणीं कायमचीं यंत्रानें पाडलीं जाऊं लागलीं. लहान नाण्यांच्या कडेला दांते आले आणि मोठ्या नाण्यांच्या कडेवर 'भूषण आणि संरक्षण' अशा अर्थाचीं लॅटिन अक्षरें आलीं. त्या अक्षरांचा अर्थ शब्दशः खरा होता; कड कातरली कीं अक्षरें तुटत आणि चोरी उघडी पडे.

तरीहि जुनीं, कातरलेलीं नाणीं बाजारांत फिरतच राहिलीं, आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस त्यांतील कित्येकांचें वजन जवळजवळ निम्म्यावर आलें. १६९६ सालीं तीं सर्व परत घेऊन वितळविण्याचें मोठें काम सरकारनें हातीं घेतलें. त्याच वर्षीं टांकसाळीचा वॉर्डन म्हणून आयझॅक न्यूटनची नेमणूक झाली. ज्या पुरुषानें ग्रहांच्या गतीचे नियम सांगितले, तोच आतां खोटीं नाणीं पाडणाऱ्यांच्या मागें लागला. साक्षीदारांच्या जबान्या त्यानें स्वतः घेतल्या. आणि विल्यम चॅलोनर नांवाचा त्या काळचा अट्टल नाणेंचोर १६९९ सालीं फांसावर गेला. त्या वर्षांत लंडनखेरीज ब्रिस्टल, चेस्टर, एक्सिटर, नॉर्विच आणि यॉर्क येथेंहि नाणीं पाडलीं गेलीं, आणि राजाच्या मुखवट्याखालीं त्या त्या गांवाचें आद्याक्षर घालण्यांत आलें. तीं अक्षरें शोधणें हा आज संग्राहकांचा एक आवडता उद्योग आहे.

अठराव्या शतकांत इंग्लंडांत रुप्याचा दुष्काळ पडला. सोन्याच्या मानानें रुप्याला तेथें जो सरकारी भाव होता, त्याहून चांगला भाव पूर्वेकडे मिळे. त्यामुळें ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून पुष्कळ रुपें हिंदुस्थानाकडे आणि चीनकडे आलें. घरीं सुटे पैसे इतके कमी पडले कीं, १७९७ सालीं बँक ऑफ इंग्लंडनें स्पॅनिश डॉलरवर तिसऱ्या जॉर्जचें एक इवलेंसें डोकें उमटवून ते चालविले. १८०४ सालीं तर तसलेच डॉलर बर्मिंगहॅमजवळच्या सोहो टांकसाळींत नवीन ठशांखालीं पुन्हां दाबण्यांत आले. कधीं कधीं नव्या छापाखालून जुन्या स्पॅनिश अक्षरांच्या रेषा अजूनहि दिसतात. असें नाणें म्हणजे दोन राज्यांचा इतिहास एकाच चकतीवर लिहिलेला कागद होय.

१८१६ च्या कायद्यानें ही अव्यवस्था संपली आणि ज्याला अर्वाचीन ब्रिटिश नाणें म्हणतां येईल तें जन्मास आलें. १८१८ च्या क्राउनवर इटालियन कोरक्या बेनेदेत्तो पिस्त्रुच्ची यानें घोड्यावर बसून राक्षसाचा वध करणारा संत जॉर्ज काढला. तें चित्र इंग्लंडच्या नाण्यांवर पुढें वारंवार आलें. व्हिक्टोरिया राणीच्या चौसष्ट वर्षांच्या काळांत रुप्याच्या नाण्यांवर तिचीं मुख्यतः तीन रूपें दिसतात : विल्यम वायनचें तरुण मुख, १८८७ च्या ज्युबिलीचें लहानशा मुकुटाचें मुख आणि १८९३ पासूनचें बुरखा घेतलेलें वृद्ध मुख. ज्युबिलीच्या मुखवट्याची लोकांनीं पुष्कळ थट्टा केली. तो इवलासा मुकुट राणीच्या डोक्यावरून आतां पडतो कीं मग पडतो असें वाटे. त्याच सालीं निघालेलें सहा पेन्सांचें नाणें तर सरकारला मागें घ्यावें लागलें. त्याचा आकार अर्ध्या सोन्याच्या सॉव्हरिनएवढाच होता आणि मागील बाजूचें चित्रहि तसेंच. चतुर लोकांनीं त्याला सोन्याचा मुलामा देऊन दहा शिलिंगांना खपविण्यास सुरुवात केली. आज असें मुलामा दिलेलें सहा पेन्सांचें नाणें पुष्कळदां विक्रीस येतें. तें गंमत म्हणून घ्यावें, सोन्याचें म्हणून घेऊं नये.

नंतरच्या दोन तारखा प्रत्येक गिऱ्हाइकानें भिंतीवर लिहून ठेवाव्यात अशा आहेत. पहिल्या महायुद्धानंतर रुप्याचा भाव भडकला. स्टर्लिंग रुप्याच्या एका औंसापासून ६६ पेन्सांचीं नाणीं पाडलीं जात, आणि १९२० च्या आरंभीं लंडनच्या बाजारांत औंसाचा भाव ८९ पेन्सांच्या वर गेला. म्हणजे नाणें चालविण्यापेक्षां वितळविण्यांत नफा! तेव्हां त्या वर्षापासून नाण्यांतील रुपें ९२५ वरून ५०० वर आणलें गेलें. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेकडून उसनें घेतलेलें रुपें परत करावयाचें होतें, म्हणून १९४७ पासून व्यवहारांतील नाण्यांतून रुपें अजिबात गेलें आणि तांबें व निकेल यांचीं नाणीं आलीं. ईस्टरच्या आधींच्या गुरुवारीं राजाच्या हातून दान देण्याचीं जीं छोटीं मॉन्डी नाणीं पाडतात, तीं तेवढीं पुन्हां स्टर्लिंगचीं होऊं लागलीं. यांतून एक सोपा नियम निघतो : १९१९ पर्यंत ९२५, १९२० पासून १९४६ पर्यंत ५००, १९४७ पासून शून्य. येथें लक्षांत ठेवावयाचें तें असें कीं, १९२० नंतर कस बदलला तरी वजन बदललें नाहीं. १९१९ चा आणि १९२१ चा हाफ-क्राउन तराजूंत सारखेच भरतात; पण पहिल्यांत सुमारें १३ ग्रॅम रुपें आहे आणि दुसऱ्यांत सुमारें ७. 'जुनें ब्रिटिश रुपेरी नाणें' एवढ्याच शब्दांवर भाव देणारा मनुष्य या सहा ग्रॅमांची दक्षिणा विक्रेत्याला फुकट देत असतो.

नाण्याचा भाव चार गोष्टींवर ठरतो : त्यांतील रुपें, त्याची दुर्मीळता, त्याची अवस्था आणि त्याला असलेली मागणी. रुप्याचा भाव हा तळ होय. त्याखालीं खरें नाणें सहसा जात नाहीं. नवशिके लोक वयाला भाव देतात. परंतु वय हें यांत जवळजवळ निरुपयोगी आहे. पहिल्या एडवर्डच्या काळची, सातशें वर्षांपूर्वींची हातोड्याची पेनी कोट्यवधींनीं पाडली गेली होती, म्हणून ती आजहि बेताच्या किंमतींत मिळूं शकते. उलट १९३४ चा क्राउन अवघे ९३२ पाडले गेले, म्हणून तो श्रीमंतांचा विषय झाला आहे. १८८७ चीं ज्युबिलीचीं नाणीं लोकांनीं आठवण म्हणून जपून ठेवलीं, त्यामुळें तीं चांगल्या अवस्थेंत भरपूर मिळतात आणि आरंभ करणाऱ्याला फार सोयीचीं आहेत.

अवस्था म्हणजे झीज किती झाली तें. इंग्रज व्यापारी 'फाइन', 'व्हेरी फाइन', 'एक्स्ट्रीमली फाइन' आणि 'अनसर्क्युलेटेड' अशा पायऱ्या सांगतात. हे शब्द ऐकावयास सारखेच गोड आहेत, पण एका पायरीनें किंमत दुप्पट वा तिप्पट होऊं शकते. शिवाय 'फाइन' म्हणजे मराठींत ज्याला आपण उत्तम म्हणतों तें नव्हे. 'फाइन' नाणें चांगलेंच झिजलेलें असतें. अमेरिकन व्यापारी त्याच शब्दांचा अर्थ इंग्रजांपेक्षां सैल करतात. म्हणून शब्द बाजूस ठेवून राणीच्या केसांच्या बटा सुट्या दिसतात कीं नाहीं, ढालीवरील सिंहांच्या अंगावरच्या रेषा उरल्या आहेत कीं नाहीं, हें डोळ्यांनीं पाहावें. लंडनच्या स्पिंक या जुन्या पेढीचा दरवर्षीं निघणारा इंग्लंडच्या नाण्यांचा ग्रंथ या कामीं उपयोगी पडतो. पहिलें नाणें घेण्यापूर्वीं पहिलें पुस्तक घ्यावें, असा जुन्या संग्राहकांचा रिवाज आहे, आणि तो शहाणपणाचा आहे.

आतां प्रत्यक्ष खरेदी. इंटरनेटवर तीन प्रकारचे विक्रेते भेटतात : स्वतःचें संकेतस्थळ असलेले नाण्यांचे व्यापारी, लिलाव करणाऱ्या पेढ्या, आणि ईबेसारख्या खुल्या बाजारांत वस्तू मांडणारे कोणीहि. पहिल्या दोहोंत भाव चढा असतो, पण नाणें खोटें निघाल्यास तें परत घेण्याची जबाबदारी कोणावर तरी असते. ब्रिटनमध्यें नाण्यांच्या व्यापाऱ्यांचा एक संघ १९७३ पासून आहे आणि त्याचे सभासद विकलेल्या वस्तूच्या खरेपणाबद्दल बांधलेले असतात. विक्रेता त्या संघांत आहे कीं नाहीं हें दोन मिनिटांत पाहतां येतें. लिलावांत बोली लावतांना पुकारलेली किंमत ही खरी किंमत नव्हे, हें विसरूं नये. तिच्यावर पेढीची दलाली, पुष्कळदां शेंकडा वीस किंवा त्याहूनहि अधिक, नंतर कर, टपाल, विमा आणि आपल्या देशांत शिरतांना सीमाशुल्क. आयातीचे नियमहि वेळोवेळीं बदलतात. ते आधीं विचारून घ्यावेत. हा सारा खर्च बोलीपूर्वीं कागदावर मांडावा आणि मग आपली शेवटची बोली ठरवावी. लिलावाच्या उत्साहांत ठरविलेली बोली ही बहुधा दुसऱ्याच्या फायद्याची असते.

खुल्या बाजारांत सर्वांत अधिक डोळस राहावें लागतें. तेथें मागितलेल्या किंमतीला कांहींच अर्थ नसतो. कोणीहि कितीहि मागूं शकतो. तसलें नाणें मागील कांहीं आठवड्यांत प्रत्यक्ष कितीला विकलें गेलें, याची यादी त्याच ठिकाणीं पाहतां येते. भाव तेथून घ्यावा. विक्रेत्याबद्दल गिऱ्हाइकांचे अभिप्राय वाचावेत, पण त्यानें आजवर विकलें काय हेंहि पाहावें. ज्यानें शंभर वेळां मोबाइलचीं आवरणें विकलीं आणि आज अचानक चार दुर्मीळ क्राउन मांडले, त्याच्या चांगल्या अभिप्रायांचा या व्यवहारांत उपयोग नाहीं. चित्र त्याच नाण्याचें आहे, कीं कोठून तरी उचललेलें आहे, हें विचारावें. दोन्ही बाजूंचें, तिरप्या उजेडांतलें आणि कडेचें असें चित्र मागावें, आणि वजन दोन दशांश स्थळांपर्यंत मागावें. प्रामाणिक विक्रेता ही मागणी आनंदानें पुरी करतो. जो टाळाटाळ करतो, त्यानें उत्तर दिलेलेंच असतें. वर्णनांतील कांहीं वाक्येंहि कान टवकारण्याजोगीं असतात : 'आजोबांच्या पेटींत सांपडलें', 'मला यांतलें कांहीं कळत नाहीं', 'खरें आहे असें वाटतें', 'परत घेतलें जाणार नाहीं'. अशा वाक्यांनीं विक्रेता आपला पाय आधींच मोकळा करून ठेवतो.

खोटेपणा अनेक प्रकारचा असतो. सातव्या एडवर्डचा १९०५ चा हाफ-क्राउन घ्या. त्या सालीं ते केवळ १,६६,००८ पाडले गेले, म्हणून तो दुर्मीळ. आणि दुर्मीळ म्हणूनच त्याच्या नकला फार. कोणी साऱ्या नाण्याची नक्कल करतो, कोणी दुसऱ्या सालच्या स्वस्त नाण्यावरील शेवटचा आंकडा कोरून बदलतो. सांच्यांत ओतलेल्या नकलेवर अक्षरें बोथट दिसतात, सपाट जागीं बारीक खळगे असतात आणि कडेवर जोडाची रेषा असते. पुष्कळ वेळां नाणें खरें असतें, पण जखमी असतें. व्हिक्टोरियाच्या काळांत नाण्यांना टांचणी किंवा कडी डाखवून दागिने करण्याची हौस होती. आपल्याकडेहि रुपयांना कड्या लावून माळा केल्या जातच होत्या. ती कडी काढून, जागा घासून नाणें पुन्हां विकावयास येतें. चित्रांत वरच्या कडेशीं दांते सपाट झालेले किंवा रंग वेगळा दिसला, कीं डाखाचा संशय घ्यावा. नाण्यांची पारख करून तीं कांचेसारख्या कडक डबींत मोहोरबंद करून देणाऱ्या अमेरिकन संस्था आहेत आणि त्यांचा आधार मोठा आहे. पण त्या डब्यांच्याहि नकला होतात. डबीवरचा अनुक्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर घालून तेथलें चित्र समोरच्या नाण्याशीं ताडून पाहावें.

नाणें घरीं आलें कीं परतीची मुदत सरण्यापूर्वीं परीक्षा करावी. लोहचुंबकाला रुपें चिकटत नाहीं; पण पितळ आणि शिसेंहि चिकटत नाहीं, म्हणून चुंबक फक्त लोखंडाची चोरी पकडतो. तराजू त्याहून भला. आणि तराजूहून भलें तें पाणी. नाण्याला दोरा बांधून तें पाण्यांत पूर्ण बुडवून, पण तळाला न टेकवतां, तोललें तर वजन कमी भरतें. स्टर्लिंग रुप्याचें विशिष्ट गुरुत्व सुमारें १०.३ असतें, म्हणून १४.१४ ग्रॅमांचा १९०५ चा हाफ-क्राउन पाण्यांत सुमारें १.३७ ग्रॅम हलका झाला पाहिजे. तांबें-निकेलचें असें नाणें सुमारें १.६ ग्रॅम हलकें होईल. एक शतांश ग्रॅम दाखविणारा लहान काटा, एक पेला आणि एक दोरा एवढ्यावर आर्किमिडीजची ही परीक्षा घरच्या घरीं होते, आणि नाण्याला ओरखडाहि येत नाहीं. झिजलेलें नाणें थोडें हलकें भरेल, तें क्षम्य. पण जड भरलेलें नाणें कधींहि क्षम्य नव्हे, कारण व्यवहारांत फिरून कोणत्याहि नाण्याचें वजन वाढत नाहीं.

आणि येथें गृहिणींना व गृहस्थांना एक विनंती करणें अवश्य आहे. आपल्या घरांत चांदीचीं भांडीं सणावारीं चिंच, राख किंवा रांगोळी लावून लखलखीत करण्याची चाल आहे. भांड्यांना ती शोभते; नाण्याला ती मारक आहे. रुप्यावर हवेंतील गंधकानें जो काळसर, निळसर किंवा सोनेरी रंग चढतो, तो नाण्याच्या प्रामाणिक म्हातारपणाचा पुरावा असतो. घांसलेल्या नाण्यावर बारीक केसासारख्या रेषा उमटतात आणि भिंगाखालीं त्या कायमच्या दिसतात. संग्राहकाच्या लेखीं त्याची किंमत तत्काळ निम्म्यानें घसरूं शकते. नाणें कडेला धरावें, प्लॅस्टिकच्या मऊ पाकिटांत ठेवूं नये, कारण त्यांतील द्रव्यानें हिरवट चिकटा धरतो. रबराचे पट्टे आणि वर्तमानपत्राचे कागद दूर ठेवावेत. मुंबई-कोंकणच्या पावसाळ्यांत पेटींत ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या पुड्या ठेवाव्यात.

कायद्याचीहि थोडी ओळख हवी. इंग्लंडांत शेतांत किंवा पडीक जागीं सांपडलेलीं, तीनशें वर्षांहून जुनीं, सोन्यारुप्याचीं दोन किंवा अधिक नाणीं एकत्र मिळालीं, तर १९९६ च्या कायद्याप्रमाणें तीं चौदा दिवसांच्या आंत कळवावीं लागतात. म्हणून हातोड्याचें नाणें घेतांना तें कोठून आलें, कोणाकोणाच्या संग्रहांत होतें, हें विचारावें आणि जुनी चिठ्ठी असेल तर ती नाण्याबरोबर जपावी. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानें शंभर वर्षांहून जुनीं नाणीं पुरावस्तु ठरतात आणि तीं खाजगी माणसाला परदेशीं पाठवितां येत नाहींत. आणणें आणि पाठविणें यांचे नियम निराळे आहेत, हें परदेशीं असलेल्या आप्तांशीं देवघेव करणाऱ्यांनीं विशेष ध्यानांत ठेवावें.

या नियमाचा संबंध मुंबईच्या एका नाण्याशीं अगदीं जवळचा आहे. १८९५ पासून हाँगकाँग आणि मलायाकडील व्यापारासाठीं ब्रिटिश 'ट्रेड डॉलर' निघाले. त्यांतील बहुसंख्य मुंबईच्या टांकसाळींत पाडले गेले. वजन २६.९५ ग्रॅम, कस ९००. एका बाजूस त्रिशूळ घेतलेली उभी ब्रिटानिया आणि दुसऱ्या बाजूस चिनी व मलायी अक्षरें. त्रिशूळाच्या मधल्या टोंकावर सुईच्या अग्राएवढें 'बी' हें इंग्रजी अक्षर दिसलें, कीं तें मुंबईचें नाणें. पूर्वेकडच्या बाजारांत चिनी सराफ असलें नाणें पारखून त्यावर आपली लहानशी मुद्रा ठोकीत. त्या पारख्यांना तेथें 'श्रॉफ' म्हणत, आणि तो शब्द आपल्या 'सराफ' शब्दाचेंच रूप आहे. हाँगकाँगमध्यें पैसे घेणाऱ्या खिडकीवर तो अजूनहि लिहिलेला आढळतो. मुंबईचें रुपें चीनच्या बाजारांत गेलें, आणि त्याच्या आधीं सराफाचें नांव तेथें पोंचलें होतें. या डॉलरच्या नकला मात्र आज फार झाल्या आहेत. वर सांगितलेली वजनाची आणि पाण्याची परीक्षा यालाहि लावावी. ९०० कसाच्या रुप्याचें विशिष्ट गुरुत्वहि त्याच सुमाराचें असतें, म्हणून खरा डॉलर पाण्यांत सुमारें २.६ ग्रॅम हलका होतो.

शेवटीं एक गोष्ट खरेदीइतकीच विक्रीविषयीं. रुप्याचा भाव चढला कीं जुन्या नाण्यांवर संक्रांत येते. १९८० च्या जानेवारींत रुपें औंसाला पन्नास डॉलरच्या जवळपास गेलें, तेव्हां ब्रिटनमधील कितीतरी जुनीं नाणीं न पाहतां, न निवडतां भट्टींत गेलीं. विलायतेस शिकावयास गेलेल्या किंवा बोटीवर चाकरी केलेल्या पूर्वजांच्या पेट्या आपल्याहि कांहीं घरांत आहेत. भाव चढल्याची बातमी वाचून त्यांतील नाणीं तशींच सराफाच्या तराजूंत ओतूं नयेत. प्रत्येकाचें साल वाचावें, राजाचें मुख पाहावें, वजन घ्यावें, कड पाहावी. पन्नासांतलीं एकोणपन्नास रुप्याच्या भावाचींच निघतील. पण पन्नासावें कदाचित् तसें नसेल, आणि वितळलेलें नाणें कोणत्याहि किंमतीला परत मिळत नाहीं.

हेन्रीच्या काळीं प्रजेनें राजाचें नाक पाहिलें, न्यूटननें कातरलेली कड पाहिली, चिनी सराफानें आपली मुद्रा ठोकण्यापूर्वीं नाणें वाजवून पाहिलें. साधनें बदललीं, पण खरें आणि खोटें यांतील झगडा तोच आहे. आज नाणें पडद्यावर येतें, म्हणून पाहणाराची जबाबदारी कमी होत नाहीं, ती वाढते. ज्याला वजन ठाऊक आहे, साल वाचतां येतें, प्रश्न विचारावयाची लाज वाटत नाहीं आणि नको तेव्हां हात आंवरतां येतो, त्याला या छंदांत थोड्या पैशांत पुष्कळ सुख आहे. इतरांनीं आधीं पुस्तक घ्यावें. नाणीं दीडशें वर्षें थांबलीं आहेत, तीं आणखी एक महिना थांबतील.